वाचकांचे प्रश्न : सिडनीतलं हॅरिस पार्क

प्रश्न : लेक आणि जावई सिडनीत हॅरिस पार्क भागात राहतात. डिसेंबरात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. जाऊन आलेले पाहुणे म्हणतात, तिथं नुसती इंडियन हॉटेलं, बघायला काही नाही. खरं आहे का? – रुईकर कॉलनी, कोल्हापूर

उत्तर : हॉटेलांचं खरं आहे. विग्रम स्ट्रीट, मॅरियन स्ट्रीट आणि स्टेशन स्ट्रीट ईस्ट या पट्ट्याला 2022 मध्ये सरकारी दप्तरीच 'लिटल इंडिया' असं नाव मिळालं. जुन्या बैठ्या घरांच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली असतात. शनिवारी संध्याकाळी खासबागेच्या खाऊगल्लीसारखी गर्दी होते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा चालतच जा. भारतीयांच्या आधी इथं लेबनॉनहून आलेल्यांची वस्ती मोठी होती. त्यांच्या मॅरोनाइट या ख्रिस्ती पंथाचं कॅथेड्रल आजही हॅरिस पार्कमध्येच आहे.

'बघायला काही नाही' हे मात्र चूक. शेतीशी नातं असलेल्या माणसानं तर रूज स्ट्रीटवरचं एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज बघितल्याशिवाय परत येऊ नये.

ही मूळची दारुग या आदिवासी लोकांपैकी बरामट्टागल कुळाची भूमी. 1788 मध्ये इंग्रजांनी शेजारी रोझ हिल वसवलं, तेच आजचं पॅरामॅटा. वसाहतीत धान्याची टंचाई होती. तेव्हा गव्हर्नर फिलिपनं जेम्स रूज या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्याला दीड एकर साफ केलेली जमीन, अवजारं, बियाणं, काही कोंबड्या आणि डुकरिणी दिल्या. एका कुटुंबाला सरकारी शिध्याशिवाय उभं राहायला किती काळ लागतो, हे फिलिपला बघायचं होतं. प्रयोग तो एवढाच.

रूजची पद्धत भुदरगड-गगनबावड्याकडं राब भाजणाऱ्याला लगेच कळेल. पडलेली झाडं जाळायची, राख खणून मातीत मिसळायची, ढेकळं फोडायची, गवत-तण मातीतच गाडायचं. मग जमीन जमेल तितके दिवस ऊन-वाऱ्यात तापू द्यायची आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा पालथी करायची. काढणीनंतर जमीन भुसभुशीत व्हावी म्हणून सलगमाचं बी टाकायचं आणि काड खड्ड्यात कुजवून खत करायचं, असा त्याचा बेत होता. दिवसाकाठी थोडीच जमीन, पण खोल खणलेली. सरकारी शेतावर नुसतं वरवर ओरबाडतात, असं तो स्वतःच म्हणायचा, आणि फरक तिथंच पडला. 1791 च्या फेब्रुवारीत त्यानं शिधा नको म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी त्याला 30 एकर जमीन मिळाली. 1793 मध्ये ती त्यानं लष्करी सर्जन जॉन हॅरिस याला 40 पौंडांना विकली. त्याच्यावरूनच या भागाचं नाव पडलं.

इथं एक गफलत हमखास होते. आज दिसतं ते घर रूजचं नव्हे, ते हॅरिसनं 1835 च्या सुमारास बांधलेलं. ते रोज उघडं नसतं, वार बघूनच निघा. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, आज रोझहिल म्हणतात त्या शेजारच्या भागात, 1793 चं एलिझाबेथ फार्म आहे. मरिनो या लोकरीच्या मेंढ्यांसाठी नाव झालेल्या जॉन आणि एलिझाबेथ मॅकार्थर यांचं हे घर. दोन्ही एका सकाळीत होतात.

प्रश्न : तिथं लोकलनं फिरायला जमेल का? भाषेपेक्षा तिकिटाचीच धास्ती आहे. – राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिकीट काढायचंच नसतं. ओपल हे तिथलं प्रवासाचं कार्ड किंवा बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर त्या मार्गाचं कमाल भाडं कापलं जातं. दुसरी चूक जास्त फसवी. चढताना मोबाइल टेकवला आणि उतरताना खिशातलं कार्ड, तर खातं तेच असलं तरी यंत्राच्या लेखी तुम्ही दोन वेगळे प्रवासी. दोघांचं कार्डही वेगवेगळं लागतं. ज्येष्ठांची सवलत पाहुण्यांना नसते. 4 ते 15 वर्षांच्या नातवंडांना मात्र मुलांचं ओपल घ्या.

बहुतेक जलद गाड्या हॅरिस पार्कला न थांबता पुढं जातात. घाबरू नका, पॅरामॅटाला उतरा. तिथून हॅरिस पार्क साधारण किलोमीटरभर. एकदा पॅरामॅटाहून 'सर्क्युलर की' या सिडनी शहरातल्या धक्क्यापर्यंत फेरीबोटीनं जा, पण ओहोटीला पाणी कमी झालं की बोट पॅरामॅटाच्या अलीकडच्या रायडलमेअर धक्क्यापर्यंतच येते आणि पुढं बस लागते.

प्रश्न : इथून काय न्यावं? औषधं? – शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : पेढे, बर्फी, खवा घरी ठेवा. दुधाचे पदार्थ विमानतळावर कचऱ्यात जातात. कांदा-लसूण मसाला कंपनीच्या सीलबंद पाकिटातला घ्या, डब्यात भरलेला घरगुती नको. खाण्याचं जे काही असेल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'हो' म्हणून लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो. कोल्हापुरी चप्पल चालते, कारण चामडं कमावलेलं असतं. वापरलेली असेल तर तळाची माती खरवडून, धुऊन, वाळवून घ्या. जावयासाठी हलगी न्यायचा बेत असेल तर सोडा, कच्च्या कातड्याला आडकाठी असते.

औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. आपल्याकडची चिठ्ठी तिथल्या औषधदुकानात चालत नाही. भारताशी आरोग्यसेवेचा करार नसल्यानं मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही, म्हणून विमा घ्या आणि रक्तदाब, साखर असे जुने आजार त्यात लिहून घ्या. मोठं रुग्णालय वेस्टमीडला, रेल्वेनं पॅरामॅटाच्या पुढचंच स्टेशन. रुग्णवाहिकेसाठी 000.