आखणी उतरणीपासून सुरू कर

प्रिय चिरंजीवास,
सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील ॲबसारोका-बेअरटूथच्या डोंगरी रानात येत्या सप्टेंबरमध्ये बिगहॉर्न एडक्याच्या, म्हणजे मोठ्या वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्याच्या, शिकारीला जायचे तू ठरवले आहेस आणि कोणती बंदूक घ्यावी, असे मला विचारले आहेस. त्या प्रश्नाकडे मी आज वळत नाही, कारण त्याआधी ठरवायच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांतील एकीचाही उल्लेख तुझ्या पत्रात नाही.

सर्वप्रथम कायदा. तू अजून तात्पुरत्या व्हिसावर आहेस. अशा व्यक्तीने बंदूक बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातील मोजक्या अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे परवाना हाती येईपर्यंत सरावासाठीसुद्धा कोणाची बंदूक हातात घेऊ नकोस आणि वकिलाकडून सर्व बाबी लेखी स्पष्ट करून घे.

बहुतेक ठिकाणी या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो आणि कित्येकांचे नाव जन्मभरात एकदाही निघत नाही. तू निवडलेल्या भागातील काही विभागांत मात्र रीतसर अर्ज करणाऱ्याला परवाना मिळतो. अट अशी की तिथून किती एडके मारता येतील ही संख्या आधीच ठरलेली असते, ती फार लहान असते आणि ती भरली की ४८ तासांच्या सूचनेने विभाग बंद होतो. तू त्या वेळी फोन न लागणाऱ्या खोऱ्यात असलास, तरी विभाग खुला आहे की नाही हे जाणून घेण्याची जबाबदारी तुझीच राहते. उपग्रहावरून संदेश घेणारे यंत्र त्यासाठी जवळ हवेच.

ही संख्या इतकी लहान का, हेही समजून घे. बेसुमार शिकार, चराईसाठीची स्पर्धा आणि पाळीव मेंढ्यांपासून आलेले रोग यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हे कळप जवळजवळ संपत आले होते. पाळीव मेंढ्या-बकऱ्यांकडून येणारा मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनिए नावाचा जिवाणू आजही न्यूमोनियाची साथ पसरवतो आणि साथ ओसरल्यावरही पुढे कित्येक वर्षे कोकरे दगावत राहतात. ओझे वाहायला बकऱ्या न्याव्यात असे कोणी सुचवले, तर त्याला स्पष्ट नकार दे.

आता मुख्य गोष्ट. एडका पडला आहे, असे धरून तिथपासून उलट दिशेने गाडीपर्यंत आखणी कर. पूर्ण वाढलेल्या एडक्याचे वजन १३० किलोपर्यंत जाते आणि नुसती शिंगे कवटीसह १४ किलोपर्यंत भरू शकतात. हाडे काढल्यावरही मांसाचे ओझे एका खेपेत एकट्याला पेलणारे नसते, आणि त्यात तुझा तंबू, शिधा व दुर्बिणी यांची भर पडते. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यामुळे तिथे मोटार चालत नाहीच, पण हाताने ओढायची चाकांची गाडीसुद्धा नेता येत नाही. खाण्याजोगे मांस टाकून येणे हा गुन्हा आहे आणि मी तर त्याला पापच म्हणतो. शिवाय त्या रानात ग्रिझली अस्वले आहेत. मांस आतड्यांपासून बरेच दूर, लांबूनही दिसेल अशा जागी उंच टांगावे लागते आणि दुसऱ्या खेपेस वाऱ्याचा अंदाज घेत, मोठ्याने बोलत आणि अस्वलरोधक फवारा हाताशी ठेवून परतावे लागते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मला तिथे संध्याकाळच्या उन्हात एका अरुंद कंगोऱ्यावर बसलेला एडका दिसला होता. अंतर आवाक्यातले होते, वारा माझ्या बाजूचा होता. पण कंगोऱ्याखाली सुमारे शंभर मीटरची घळ होती आणि तिच्यात उतरायला वाट नव्हती. मी गोळी झाडली नाही. रात्री बर्फ पडला आणि सकाळी तो तिथे नव्हता. तो निर्णय योग्य होता, असे मला आजही मनापासून वाटते.

सह्याद्रीतील घसारा आणि निसरड्या सोंडा तुझ्या पायांना ठाऊक आहेत, पण कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे आणि तिथे तुझा मुक्कामच ३००० मीटरच्या आसपास असेल. म्हणून शिकार सुरू होण्याच्या तीन-चार दिवस आधीच वर जा. ते दिवस तिपाईवर लावलेल्या दुर्बिणीसमोर बसून काढ. मेंढ्यांची नजर अतिशय तीक्ष्ण असते आणि धोका खालून येईल अशी त्यांची अपेक्षा असते, त्यामुळे वरच्या धारेने जाणे बरे; मात्र ऊन तापले की वारा उताराने वर चढू लागतो आणि तुझा वास त्याच्याबरोबर धारेकडे येतो, तेव्हा बाजूने फिरून ये. शिंगांवरील वार्षिक वलये मोजायला शीक. किती वळशाचे शिंग कायदेशीर ठरते, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतील आकृतीवरून नीट पाहून घे, आणि तरीही शंका उरली तर गोळी झाडू नकोस.

जूनमध्ये माझ्याकडे ये. येताना त्या भागाचा समोच्च रेषांचा नकाशा आण आणि त्यावर प्रत्येक खोऱ्यातून खाली येण्याच्या दोन-दोन वाटा पेन्सिलीने आखून ठेव. आपण पाठीवर तीस किलो वजन घेऊन घरामागच्या डोंगरावर चढू आणि तेवढेच वजन घेऊन अंधारात उतरू. दुसऱ्या दिवशी तुझे गुडघे काय म्हणतात ते पाहून बंदुकीविषयी बोलू.

तुझा,
काका