मोबाइल जुन्या प्रोजेक्टरला जोडायची केबल घरी करता येते का?

तुमचा फोन टाइप-सीचा आहे. देवळाच्या सभामंडपातला प्रोजेक्टर जुना, त्याच्या मागे फक्त निळं व्हीजीए आणि पिवळं व्हिडिओचं भोक. मित्र सांगतो, चार्जिंगची केबल काप आणि व्हीजीएच्या प्लगला डाख दे. तुम्ही विचारता, कुठली तार कुठल्या पिनला?

कुठलीच नाही. चार्जिंगच्या केबलमध्ये चित्राची तारच नसते. साध्या सी-टू-सी केबलमध्ये ५ व्होल्ट, ग्राउंड, डेटाच्या दोन तारा आणि सीसी (समोरच्या उपकरणाशी बोलणी करायची तार), एवढंच येतं. फोनच्या चोवीस पिनांपैकी ज्या चार वेगवान जोड्यांवरून चित्र बाहेर पडतं, त्या जोड्या या केबलमध्ये ओढलेल्याच नसतात. सगळ्या तारा असलेली महागडी केबल आणून कापलीत तरी काम होणार नाही. फोन आधी सीसीच्या तारेवरून समोरच्या उपकरणाशी बोलतो: तू कोण, तुला डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायची डिजिटल पद्धत) कळतं का, किती जोड्या हव्यात. तिकडून नीट उत्तर आल्याशिवाय तो चित्र सोडत नाही, आणि डाख दिलेला प्लग उत्तर देत नाही. शिवाय फोनमधून निघतं ते डिजिटल, आणि व्हीजीएला हवा लाल, हिरव्या, निळ्या रंगाचा प्रत्येकी ०.७ व्होल्टचा अ‍ॅनालॉग सिग्नल. मध्ये चिप लागतेच. बाजारातली सी-टू-एचडीएमआय केबल साध्या तारेसारखी दिसते, पण तिच्या जाड टोकातही चिप असते. टाइप-सीमधून थेट एचडीएमआय काढायची पद्धत २०१६ मध्ये जाहीर झाली होती, ती बाजारात रुजली नाही.

म्हणून फोनच्या बाजूचा तुकडा, म्हणजे अडॅप्टर, विकतच घ्या, पण आधी फोन तपासा. टाइप-सी भोक असलं म्हणजे चित्र निघतंच असं नाही. सॅमसंगच्या एस मालिकेत एस८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ही सोय आहे. आयफोनमध्ये ती १५ पासून आली. पिक्सेलमध्ये पिक्सेल ८ पासून, आणि तीही २०२४ च्या अपडेटनंतर. स्वस्त फोनांत बहुतेक वेळा नसते. माहितीपत्रकात ‘यूएसबी २.०’ एवढंच असेल तर आशा सोडा. आयफोन १५ मात्र याला अपवाद आहे: डेटा २.० चा, तरी चित्र निघतं. खात्रीचा उपाय म्हणजे कुणाचा तरी चालणारा सी-टू-एचडीएमआय अडॅप्टर पाच मिनिटं मागून टीव्हीला लावून बघणं.

आता केबल. हाताने करायची ती ही: मंचाजवळच्या कन्व्हर्टरपासून (फोनचं डिजिटल चित्र व्हीजीएत बदलणाऱ्या डबीपासून) प्रोजेक्टरपर्यंतची लांब व्हीजीए. मंडपवाले आणि साउंडवाले यांच्याशी माझा यावरून जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, तयार साच्यातली केबल भरवशाची आणि हाताने केलेली म्हणजे जुगाड. मला ते साफ अमान्य आहे. व्हीजीएचा प्लग सुमारे ३१ मिलिमीटर रुंद असतो. आपल्याकडे गोव्यात चिऱ्यांच्या (जांभा दगडाच्या) भिंतींत गिलाव्याखाली २० किंवा २५ मिलिमीटरचे पाइप गाडलेले असतात. तयार केबलचा प्लग त्यातून जाणारच नाही. मग एक तर ती खांबांवरून लोंबते आणि जत्रेच्या गर्दीत कुणाच्या तरी पायात येते, नाही तर कुणी तरी ती मधे कापून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडतं. जुगाड तो हा.

बाजारात मिळणाऱ्या १५-२० मीटरच्या स्वस्त तयार केबल बारीक असतात, आणि आत रंगांसाठी कोएक्स (मधे गाभा, भोवती जाळी अशी तार) नसतं, साध्या तारा असतात. त्यामुळे अक्षरांच्या उजवीकडे भुताटकी सावली दिसते. सिग्नल प्रोजेक्टरवर आपटून मागे येतो, पुन्हा पुढे जातो. १५ मीटरच्या केबलमध्ये हा जादा फेरा ३० मीटरचा, म्हणजे साधारण १५० नॅनोसेकंदांचा. १०२४ बाय ७६८ च्या चित्रात एक पिक्सेल सुमारे १५ नॅनोसेकंदांचा असतो, तेव्हा सावली दहा पिक्सेल उजवीकडे पडते. मोजून बघा, जुळतं. ७५ ओहमचं खरं कोएक्स वापरलं की सावली जाते.

दुकानात ‘थ्री प्लस सिक्स’ व्हीजीए केबल मीटरवर मागा: तीन कोएक्स आणि सहा साध्या तारा. बाहेरून करंगळीएवढी जाड असते. भिंतीतला मार्ग दोरीने मोजा आणि दोन्ही टोकांना ४० सेंटिमीटर जादा ठेवा, पुढे पिन गंजल्या की टोक कापून नवा प्लग लावता येतो. प्लग दोन्हीकडे मेल, डाख द्यायचे, धातूच्या आवरणाचे. केबल आधी पाइपातून ओढा, प्लग नंतर. आणि डाख देण्यापूर्वी आवरण व हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणाऱ्या) नळ्या केबलवर सरकवून ठेवा. हे विसरलात तर सगळं उखडून पुन्हा करावं लागतं.

जोडणी अशी. लाल कोएक्सचा गाभा १ वर, त्याची जाळी ६ वर. हिरव्याचा गाभा २, जाळी ७. निळ्याचा ३, जाळी ८. सहा साध्या तारांपैकी एक १३ वर (आडवा सिंक, म्हणजे चित्राच्या ओळी जुळवणारा इशारा), एक १४ वर (उभा सिंक), एक १० वर (सिंकचं ग्राउंड), एक १२ वर आणि एक १५ वर (प्रोजेक्टर आपली ओळख देतो त्या दोन), उरलेली ९ वर, ५ व्होल्टची. बाहेरची जाळी प्लगच्या धातूच्या आवरणाला क्लॅम्पखाली, आणि तिच्यातूनच एक बट ५ वर. पुष्कळ जण १२ आणि १५ सोडून देतात, चित्र येतं म्हणून. पण मग कन्व्हर्टरला प्रोजेक्टर कोणता ते कळत नाही, तो अंदाजाने काही तरी रिझोल्यूशन पाठवतो आणि जुना प्रोजेक्टर ‘रेंजबाहेर’ म्हणून निळा पडदा दाखवतो. त्या सोडू नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आरशामुळे. डाखाच्या बाजूने पाहिलं की क्रमांक पिनांच्या बाजूच्या उलट दिसतात, आणि १ च्या जागी ५ लागतो. प्लगच्या प्लास्टिकवर बारीक अंक कोरलेले असतात. बॅटरीच्या उजेडात तेच वाचा, आकृती बघून जोडू नका. मधली रांग, म्हणजे ६ ते १०, आधी करा, नंतर तिथे आयर्नचं टोक पोचत नाही. आयर्न २५ वॉटचं पुरे, पण टेकवायचं दोन-तीन सेकंदच. कोएक्सच्या आतला पांढरा फोम लगेच वितळतो, गाभा सरकून जाळीला लागतो, आणि तो रंग कायमचा जातो. जाळी पिळून, कथील चढवून, तिच्यावर बारीक नळी घाला. उघडी जाळी शेजारच्या पिनला टेकण्याची वाटच पाहत असते.

डाख झाला की मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक पिन या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा, आणि शेजारच्या पिनांशी शॉर्ट नाही ना तेही. सहा, सात, आठ, दहा आणि पाच ही ग्राउंडं यंत्राला जोडल्यावर एकमेकांत बीप देतात. दोन्ही टोकं मोकळी असताना देऊ नयेत. मग एक टोक बंद प्रोजेक्टरला लावा आणि दुसऱ्या टोकाला १ व ६ मध्ये ओहम मोजा. ७५ च्या किंचित वर आकडा यायला हवा. २-७ आणि ३-८ मध्येही तोच. शून्य आला तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर तार तुटलेली. चित्र लावल्यावर ते जांभळट गुलाबी असेल तर हिरवा गेलाय, पिवळं असेल तर निळा, आणि फिकट निळसर हिरवं असेल तर लाल. रंग ठीक पण चित्रच उभं राहत नसेल तर १३ आणि १४ बघा.

एवढं केल्यावरही खापर केबलवरच फुटतं. डिचोली तालुक्यातल्या एका सभामंडपात जत्रेच्या नाटकाला मागच्या पडद्यावर फोनवरून दृश्यं दाखवायची होती. केबल अशीच, १४ मीटरची, दुपारच्या तालमीत चित्र स्वच्छ. रात्री साउंडचा मिक्सर आला, आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागले. अडॅप्टर काढून पुन्हा लावताना बारीक ठिणगी दिसली आणि अडॅप्टर मेला. मंडपवाल्याने तिथल्या तिथे निकाल दिला: हाताने डाख दिलेली केबल, दुसरं काय होणार? मल्टिमीटर एसीवर ठेवून व्हीजीए प्लगच्या धातूपासून मिक्सरच्या पेटीपर्यंत मोजलं, ११२ व्होल्ट. प्रोजेक्टरच्या एक्स्टेन्शन बोर्डची अर्थची पिन तुटलेली होती. प्रोजेक्टरच्या आतल्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून धातूच्या पेटीला जोडलेले असतात. अर्थ नसली की पेटी मेनच्या अर्ध्या दाबावर तरंगते. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा, हाताला झिणझिण्या येतील इतकाच, पण अडॅप्टरमधली चिप मारायला तो पुरतो. तीन पिनांचा धड बोर्ड आणला, प्रोजेक्टर आणि मिक्सर एकाच बोर्डावर घेतले, दुसरा अडॅप्टर लावला, पट्टे गेले. केबल तीच, आणि आजही तीच आहे.

म्हणून माझा आग्रह असा की केबल जोडण्यापूर्वी हे माप घ्याच. दोनेक व्होल्टांच्या वर काही दिसलं तर आधी अर्थ शोधा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जांभ्याच्या जमिनीतला अर्थचा खड्डा कोरडा पडतो, पाणी घातल्यावर फरक दिसतो. केबलची जाळी एका टोकाला तोडून पट्टे घालवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. तिन्ही कोएक्सच्या जाळ्या ग्राउंड वाहतच असतात, तोडून काहीही सुटत नाही. आणि जोडणीचा क्रम: सगळं बंद असताना केबल लावा, मग प्रोजेक्टर चालू करा, फोन सगळ्यात शेवटी.

कन्व्हर्टर कुठला? सी-टू-व्हीजीए एकाच तुकड्यात मिळतो, पण व्हीजीएवरून आवाज जात नाही आणि फोनचं एकमेव भोक अडकलेलं असतं. नाटकासाठी सी-टू-एचडीएमआय, आणि त्यापुढे ३.५ मिलिमीटरचं आवाजाचं भोक व वेगळं ५ व्होल्टचं भोक असलेला एचडीएमआय-टू-व्हीजीए घ्या. वेगळ्या पुरवठ्याचं कारण असं की एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनवर फक्त ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते, आणि कन्व्हर्टर त्याहून जास्त खेचू शकतो. मग तो तापला की चित्र मधूनच जातं. आवाज मिक्सरच्या एकाच चॅनलला द्यायचा असेल तर डावा-उजवा थेट एकत्र पिळू नका, प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा. फोनला चार्जिंग हवं असेल तर ते नाटक सुरू होण्याआधी लावा. मधेच लावलं तर बऱ्याच हबांवर (चार्जिंगचंही भोक असलेल्या अडॅप्टरांवर) फोन पुन्हा बोलणी सुरू करतो आणि पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं पंधरा मीटरच्या आसपास ठीक. वीसच्या पुढे १२ आणि १५ वरचं बोलणं केबलच्या कपॅसिटन्समुळे अडखळतं, तेव्हा कन्व्हर्टर प्रोजेक्टरच्या जवळ ठेवून मंचापासून तिथपर्यंत कॅट-६ या नेटवर्कच्या केबलवरचा एचडीएमआय एक्स्टेंडर वापरा. कॅट-६ चा प्लग पाइपातून केबल ओढल्यावर चिमटता येतो, डाखही नको. ओटीटीवरचे सिनेमे व्हीजीएवर काळे दिसतील, कारण त्यांना एचडीसीपी (नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप) लागतं आणि अ‍ॅनालॉगमध्ये ते नाही. स्वतःचे व्हिडिओ दाखवायला अडचण नाही.

फोन चित्र सोडत नसेल तर डिस्प्लेलिंक चिपचा (यूएसबीच्या डेटावरून चित्र नेणारा) अडॅप्टर आणि त्याचं प्रेझेंटर अ‍ॅप, हा अँड्रॉइडवर एक मार्ग आहे. स्लाइडांना चालतो, वेगवान व्हिडिओला अडखळतो.

घरात मायक्रो-यूएसबीचा जुना एमएचएल फोन (यूएसबीच्या भोकातूनच चित्र काढायची जुनी सोय असलेला) असेल तर तिथे तुमच्या मित्राचं म्हणणं थोडंफार खरं होतं. एमएचएल चित्र डेटाच्याच दोन तारांवरून पाठवतं. डेटा प्लस एचडीएमआयच्या ७ ला, मायनस ९ ला, आयडी १९ ला, ५ व्होल्ट १८ ला, ग्राउंड १७ ला. पण प्रोजेक्टरच्या भोकावर ‘एमएचएल’ लिहिलेलं हवं, २ नंबरच्या पिनवर केबलची ओळखखूणही द्यावी लागते, आणि साध्या यूएसबी केबलमध्ये आयडीची तार नसतेच. सॅमसंग एस३ वर तर तेही नाही, त्याचं भोक अकरा पिनांचं. तुमच्या व्हीजीएवाल्या प्रोजेक्टरला यातलं काहीच लागू नाही.

पावसाळ्यात केबल भिंतीत राहील, प्लग मात्र प्रोजेक्टरमध्ये ठेवू नका. खाऱ्या दमट हवेत चार महिन्यांत पिनांवर हिरवट थर येतो आणि मग एक एक रंग कमी होत जातो. दोन्ही टोकं सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत बांधा. ऑक्टोबरच्या गडगडाटातही ती सुटीच असू द्या. चवथीच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा एकदा बीप आणि ७५ ओहम तपासा.

पिवळं भोक वापरू नका. तिथे अक्षरं वाचता येत नाहीत.