वाचकांचे प्रश्न : घरचे व्हिडिओ, सोपे एडिटिंग

घरच्या घरी व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी विचारले आहे, ‘कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ पत्र पुढे वाचले की दुखणे वेगळेच निघते. कधी फाईलचे, कधी फाँटचे, कधी ट्यूबलाइटचे.

प्रश्न : किल्ल्यांवर भटकताना मी फोनवर चित्रण करतो. त्याचा दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ करून मित्रांना दाखवायचा, एवढीच हौस. सगळे म्हणाले म्हणून डाविंची रिझॉल्व्ह टाकले, पण लॅपटॉप जागच्या जागी थिजतो. आय-३, ८ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सोपे काही सुचवा.
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : रिझॉल्व्ह फुकट आहे, चित्रावर स्वतःच्या नावाचा शिक्का (वॉटरमार्क) टाकत नाही, आणि रंगकामात त्याचा हात धरणारे दुसरे नाही. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. तुम्हाला सोप्यापेक्षा हलके सॉफ्टवेअर हवे आहे, म्हणून शॉटकट घ्या. पूर्ण फुकट, मुक्त स्रोत, ना खाते उघडायचे ना वॉटरमार्क. दिसायला रुक्ष आहे, पहिले दोन दिवस कंटाळा येईल. केडेनलाइव्हही याच जातीचे, थोडे अधिक भरलेले.

शॉटकट उघडल्यावर नवा प्रोजेक्ट करताना व्हिडिओ मोडमध्ये १०८०पी ३० एफपीएस (१०८० ओळींचे चित्र, सेकंदाला ३० चित्रे) निवडा. त्याआधी सगळ्या क्लिपा एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि प्रोजेक्टही तिथेच ठेवा. प्रोजेक्टच्या एमएलटी फाईलमध्ये चित्रण नसते, ते कुठे ठेवले आहे याचा फक्त पत्ता असतो. मागाहून क्लिपा दुसरीकडे हलवल्या की प्रोजेक्ट उघडताना त्या ‘सापडत नाहीत’.

आता सेटिंग्जमध्ये प्रिव्ह्यू स्केलिंग, म्हणजे काम करताना दिसणाऱ्या चित्राचा आकार, ५४०पी करा आणि प्रॉक्सी चालू करा. अडखळणे निम्म्याहून जास्त इथेच थांबेल. फोनने ४-के मध्ये चित्रण केले असेल तर प्रत्येक चित्रात १०८०पीच्या चौपट ठिपके असतात, वर ते एच-२६५ या फाईल लहान करणाऱ्या पद्धतीने आवळलेले. ते उलगडतानाच लॅपटॉपला धाप लागते. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची हलकी नक्कल. कापाकापी नकलेवर होते, शेवटची फाईल मूळ चित्रणावरून बनते. पुढच्या ट्रेकला फोन सरळ १०८०पीवर ठेवलात तर हे सगळे टळेल. मित्रांच्या फोनवर फरक कळणार नाही.

कामाला कळा तीनच. ए दाबले की क्लिप टाइमलाइनच्या, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीच्या, शेवटी लागते, एसने उभ्या रेघेवर कापते, एक्सने निवडलेला तुकडा निघून मागचे सगळे पुढे सरकते. एका क्लिपची कड दुसरीवर ओढली की विरत जाणारा जोड आपोआप तयार होतो. शेवटी एक्स्पोर्टमध्ये यूट्यूब हा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा, आणि ‘फ्रॉम’ या चौकटीत ‘टाइमलाइन’च लिहिले आहे ना, ते बघा. तिथे ‘सोर्स’ राहिले तर तासभर थांबून हाती एकच कच्ची क्लिप येते. नवख्यांची सगळ्यात जास्त चूक होते ती इथे.

विंडोज ११ असेल तर क्लिपचँप बहुधा आधीच बसवलेले असेल. मायक्रोसॉफ्टने ते २०२१ मध्ये विकत घेतले. चार क्लिपा जोडून वर गाणे टाकायचे असेल तर ते पुरते आणि १०८०पी फाईल वॉटरमार्कशिवाय देते. जुने विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७ पासून बंद आहे. त्या नावाने आज इंटरनेटवर जे दिसते त्याच्या नादी लागू नका. मॅकवाल्यांनी आयमूव्ही सोडून दुसरीकडे बघायचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे २५ मिनिटांचे चित्रण फोनवर केले. फोनवर ठीक दिसते. एडिटिंगमध्ये घेतले की सुरुवातीला टाळ आणि आवाज जुळतात, शेवटी शेवटी हात आधी हलतो आणि टाळ मागून वाजतो. दोन सॉफ्टवेअर बदलून पाहिली.
— भजनी मंडळाच्या कार्यवाह, पेण

उत्तर : तिसरे बदलू नका, दोष फाईलमध्ये आहे. फोन सेकंदाला नेमकी ३० चित्रे घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की कधी २९, कधी ३०, अशी ओढाताण चालते. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फोनचा प्लेअर प्रत्येक चित्राची वेळ बघून ते दाखवतो, म्हणून तिथे सगळे जुळते. काही एडिटर मात्र ३० चित्रे म्हणजे एक सेकंद असे धरून चालतात.

हिशेब करून बघा. २५ मिनिटे म्हणजे १५०० सेकंद, ३० च्या वेगाने ४५,००० चित्रे. फोनने सरासरी २९.९८ ने घेतली असतील तर भरतात ४४,९७०. तीस चित्रे कमी, म्हणजे चित्र आवाजाच्या पूर्ण एक सेकंद आधी संपते. टाळासारख्या ठोक्याच्या वाद्यात हे लगेच खटकते, नुसत्या बोलण्यात कदाचित लक्षातही आले नसते.

आधी मीडियाइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून ‘फ्रेम रेट मोड’ बघा. ‘व्हेरिएबल’ दिसले की निदान झाले. मग हँडब्रेक या फाईल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती घ्या, ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट निवडा, आणि व्हिडिओच्या पानावर ‘पीक फ्रेमरेट’ काढून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिंब द्या. हा प्रीसेट स्वतःहून ‘पीक’वर असतो. ते न बदलता फाईल काढली की दुखणे जसेच्या तसे राहते आणि लोक हँडब्रेकला नावे ठेवतात. दर्जाचा काटा, म्हणजे आरएफ, १८ ते २० वर ठेवा. आकडा जितका लहान तितकी फाईल मोठी. या नव्या फाईलवर एडिटिंग करा, मूळ फाईल पुसू नका. शॉटकटमध्ये हेच काम क्लिपच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘कन्व्हर्ट’ने होते. तिथे तीन पर्याय येतात, पहिला पुरेसा आहे.

एक फरक ओळखून ठेवा. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर एवढी उठाठेव नको, आवाजाची पट्टी वेगळी करून तेवढी डावीकडे सरकवा. अंतर वाढत जात असेल तरच वरचा उपाय.

प्रश्न : लॅपटॉप नाही, सगळे फोनवरच करते. दुबईतली बहीण कॅपकट वापरते, मला ते प्ले स्टोअरवर दिसतच नाही. एकाने एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाईल, पाठवली आहे. टाकू का?
— गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : टाकू नका. कॅपकट टिकटॉकवाल्या बाइटडान्स कंपनीचे. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली, कॅपकटही इथल्या प्ले स्टोअरवर मिळत नाही. बाहेरून आलेल्या एपीकेत, त्यातही ‘प्रो अनलॉक’ असे लिहिलेल्या, आत काय भरले आहे हे कळायला मार्ग नसतो आणि ती फोटो, माइक, फाईल सगळ्यांची परवानगी मागते. त्याच फोनवर तुमचे बँकेचे अ‍ॅप आहे.

व्हीएन घ्या. फुकट आहे, एकाखाली एक पट्ट्या लावता येतात, चित्रावर वॉटरमार्क येत नाही. शेवटी त्यांची छोटी पाटी लागली तर ती क्लिपसारखी निवडून काढता येते. काइनमास्टरही चांगले, पण फुकटात कोपऱ्यात त्यांचे नाव राहते. फक्त रील्स करायच्या असतील तर इन्स्टाग्रामवाल्यांचे २०२५ मध्ये आलेले एडिट्स बघा. कोणतेही घ्या, फोनमध्ये एडिट करायच्या चित्रणाच्या दुप्पट-तिप्पट जागा मोकळी हवी. ‘९८ टक्क्यांवर अडकले’ ही तक्रार बहुतेक वेळा जागा संपल्याची असते.

प्रश्न : व्हिडिओवर मराठी शीर्षक टाकले की वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरे सुटी होतात. वर्डमध्ये तेच वाक्य बरोबर दिसते. मराठी नीट दाखवणारे सॉफ्टवेअर कोणते?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. वेलांटी अक्षराच्या आधी आणून बसवणे आणि जोडाक्षर जुळवणे हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. ही सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाही ते अक्षरे आली तशी ओळीने मांडते. उलट, श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड नसतोच, तो आधी बदलून घ्यावा लागतो.

सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात ही ओळ टाकून बघा: दिंडीतल्या स्त्रिया दऱ्या ओलांडून दर्याकडे निघाल्या. ‘दिं’ची वेलांटी डावीकडे आणि अनुस्वार डोक्यावर आला का? ‘स्त्रि’ अखंड आहे का? आणि मराठीची खरी परीक्षा म्हणजे दऱ्या आणि दर्या यांत फरक दिसतो का? पहिल्यात र आडवा, यच्या डावीकडे कमरेशी. दुसऱ्यात रफार डोक्यावर. हिंदीला आडव्या रची गरज पडत नाही, म्हणून ‘देवनागरी चालते’ एवढ्यावर भरवसा ठेवू नका. आचाऱ्यांचा सत्कार आणि आचार्यांचा सत्कार हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत.

शॉटकटमधले ‘टेक्स्ट : सिंपल’ आणि केडेनलाइव्हची शीर्षके या ओळीत सहसा पास होतात. प्रीमियर प्रो वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर तिथेही तोडफोड होते. फाँट मुक्ता किंवा बालू घ्या. दोन्ही ‘एक टाइप’ या मुंबईच्या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे, गूगल फाँट्सवर फुकट.

आवडते सॉफ्टवेअर नापास झाले तरी सोडायला नको. इंकस्केप या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० बाय १०८० चे पान घ्या, त्यात शीर्षक लिहा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी काढा आणि वरच्या पट्टीवर चित्र म्हणून लावा. चित्रात वेलांटी हलत नाही. अक्षर साधारण ६० ठिपक्यांच्या खाली नेऊ नका, दोन ओळींत दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. अक्षराभोवती काळी कड तीन-चार ठिपक्यांची पुरे. जाड कड दिली की अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो.

प्रश्न : घरगुती समारंभाच्या व्हिडिओत उजेडाचे काळे पट्टे सरकताना दिसतात. कोणत्या फिल्टरने जातील?
— हौशी छायाचित्रकार, मडगाव

उत्तर : आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. कॅमेऱ्याचे शटर १/६० (सेकंदाचा साठावा भाग) सारख्या वेगावर असेल तर ताल जुळत नाही आणि पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून ठेवा, २५ एफपीएस मिळत असेल तर उत्तम. फोनच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर दिसले तर ५० हर्ट्झ करा. झालेल्या चित्रणातले पट्टे काढणे अवघड. रिझॉल्व्हचा डीफ्लिकर हा पट्टे घालवणारा फिल्टर त्यांच्या विकतच्या आवृत्तीतच मिळतो.

प्रश्न : आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीच्या कार्यक्रमाची जुनी डीव्हीडी आहे. त्यातली फक्त भाषणे वेगळी काढायची आहेत, पण एडिटरमधून काढली की चित्र आणखी पुसट होते.
— वाचक, डोंबिवली

उत्तर : यासाठी एडिटर नकोच. एडिटर चित्र पुन्हा आवळतो, त्यात ते पुसट होते. आधी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डीव्हीडीची एक एमकेव्ही फाईल करा. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाईली सुट्या सुट्या उघडू नका. प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या तुकड्यांत कार्यक्रम मधेच कुठेही तोडलेला असतो. मग लॉसलेसकट हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. भाषण सुरू होते तिथे आय, संपते तिथे ओ दाबा आणि एक्स्पोर्ट करा. पुन्हा आवळणे नाही, त्यामुळे काम मिनिटभरात होते. काप नेमक्या जागी न पडता जवळच्या मुख्य, म्हणजे पूर्ण साठवलेल्या, चित्रावर पडतो. डीव्हीडीत अशी चित्रे साधारण दर अर्ध्या सेकंदाला असतात, तेव्हा फार तर एखादा खोकला जास्त येईल.

हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसले तर ते बिघडलेले नाही, जुने चित्रण एकाआड एक ओळींचे असते. यूट्यूबवर टाकायचे असेल तरच हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू करा.

प्रश्न : तयार व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की खराब होतो, आणि हॉलमधल्या टीव्हीसाठी पेन ड्राइव्हवर कॉपीच होत नाही.
— वाचक, नाशिक

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, २ जीबीपर्यंतची फाईल आहे तशी जाते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीचा असेल, त्यात ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. आधी फाईलच लहान होते का बघा. १०८०पीला ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ एमबी) भरपूर झाले, त्याने मिनिटाला ६० एमबी होतात, म्हणजे तासाभराचा कार्यक्रम ३.६ जीबीत बसतो. त्याहून मोठा असेल तर पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. फाईल एमपी-४, आत एच-२६४ चित्र आणि एएसी आवाज, एवढे ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच हॉलच्या टीव्हीला लावून बघा.