डिस्कवरची जागा गेली कुठे?

प्रश्न : घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे. त्याला जोडलेली 4 टीबीची बाहेरची डिस्क ईएक्सटी4मध्ये (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत) फॉरमॅट करून सांबातून (लिनक्सवरच्या फाइली नेटवर्कवरून विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) घरभर शेअर केली आहे. गाण्याच्या बैठकींच्या रेकॉर्डिंगसाठी ती वापरतो. विंडोजच्या लॅपटॉपवर क्षमता 3.58 टीबी दिसते. सगळ्या फाइली निवडून बेरीज पाहिली तर 2.70 टीबी, म्हणजे 900 जीबी शिल्लक हवी, दिसते 560. मध्यंतरी दीडएकशे जीबी जुनं रेकॉर्डिंग काढलं, तरी जागा वाढली नाही. डिस्क बिघडली का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : बिघाडाचं लक्षण यात दिसत नाही. 4 टीबीचे 3.58 होणं तर ठरलेलंच. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या, म्हणून आधी 3.64 उरतात. मग ईएक्सटी4 दर 16 केबीमागे 256 बाइटचा एक आयनोड (फाइलची माहिती नोंदवायची जागा) आधीच राखून ठेवते. त्यात आणखी सुमारे 58 जीबी जातात. मोठ्याच फाइली ठेवायच्या असतील तर फॉरमॅट करतानाच आयनोड कमी घेता येतात. आता त्यासाठी डिस्क पुसू नका.

खरा हिशेब 900 आणि 560मधल्या 340 जीबीचा. ईएक्सटी4 मुळात 5 टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकासाठी, अडवून ठेवते. तुमच्या डिस्कवर ती 186 जीबी होते. सांबा ही जागा मोकळी म्हणून सांगत नाही, त्यामुळे विंडोज ती भरलेल्यात धरतं. ज्या डिस्कवर लिनक्स स्वतः चालतं तिथे ही तरतूद शहाणपणाची आहे: डिस्क भरली तरी यंत्रणा अडत नाही. नुसत्या रेकॉर्डिंगच्या डिस्कवर एवढीची गरज नाही.

आधी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसबीएलके -एफ' चालवून पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव पाहा. ते एसडीबी1 असेल तर :

सुडो ट्यूनटूएफएस -एम 1 /डेव्ह/एसडीबी1

(टाइप करताना अर्थातच रोमन लिपी, अक्षरं स्मॉल, आज्ञेच्या नावातला 'टू' हा 2 आकडा.) डिस्क अनमाउंट करावी (यंत्रणेपासून सोडवावी) लागत नाही, डेटालाही धक्का लागत नाही. सुमारे 149 जीबी लगेच सुटतात. शून्य टक्केही चालतं, पण काठोकाठ भरलेल्या डिस्कवर फाइली तुकड्यातुकड्यांत लिहिल्या जातात. 1 टक्का राहू द्या.

उरलेले दीडशे जीबी म्हणजे बहुधा तुम्ही 'काढलेलं' रेकॉर्डिंगच. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमधून डिलीट केलं की ते त्याच डिस्कवरच्या .ट्रॅश-1000 या लपलेल्या फोल्डरात जातं. नाव बिंदूने सुरू होत असल्याने विंडोजला सहसा दिसत नाही, म्हणून तुमच्या बेरजेतही आलं नाही. 1000 हा वापरकर्त्याचा क्रमांक. घरात दोघं लॉगिन करत असतील तर 1001चंही फोल्डर सापडेल. डिस्क जोडलेली असतानाच ज्याच्या त्याच्या लॉगिनमधून कचरापेटी रिकामी करा. नेटवर्कवरून, म्हणजे विंडोजमधून डिलीट केलेलं मात्र थेट जातं, सांबाचं रिसायकल मॉड्यूल (डिलीट केलेलं वेगळ्या फोल्डरात ठेवणारी सोय) चालू नसेल तर.

एवढ्यावरही मेळ बसला नाही तर 'सुडो एलएसओएफ +एल1' चालवा (अधिक चिन्हानंतरचा एल तेवढा कॅपिटल). डिलीट झालेली फाइल एखाद्या प्रोग्रामने उघडी धरली असेल तर ती यादीत दिसेल. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते. आणि वापरलेली जागा लिनक्सच्या 'डीयू' या आज्ञेने मोजताना आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवायचा शब्द) लावायला विसरू नका, नाहीतर परवानगी नसलेली फोल्डरं बेरजेतून गळतात.