मालवाहू जहाजं बॅटरीवर आणली की समुद्रातलं प्रदूषण थांबेल का?

निपाणीहून हा प्रश्न विचारलाय म्हणून आवर्जून लिहितोय. मी खानापूर तालुक्यातला, बल्क कॅरिअरच्या (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या जहाजाच्या) इंजिन रूममध्ये नोकरी करतो.

खाडीतल्या फेरीबोटीला बॅटरी चालते. पण वीस-वीस दिवस किनारा न दिसणाऱ्या जहाजाला पुरेल एवढी बॅटरी चढवली तर माल कुठे भरायचा? मिथेनॉल, अमोनिया ही इंधनं येतायत, पण स्वच्छ विजेपासून बनवलेलं अजून फारच थोडं मिळतं.

आज हातात असलेला उपाय म्हणजे जहाज सावकाश चालवणं. इंजिनाची ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. समजा, १४ नॉटला रोज ३० टन तेल जळतं आणि प्रवास १८ दिवसांचा आहे, म्हणजे ५४० टन. वेग १० टक्क्यांनी उतरवला तर रोजचं तेल २२ टनांवर येतं. प्रवास २० दिवसांचा होतो, तरी एकूण ४४० टनांतच भागतं. एका टन जड तेलामागे तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. आता हिशेब तुम्हीच करा.

मग हे होत का नाही? करारामुळे. पुष्कळ चार्टर करारांत, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याच्या करारांत, शक्य तितक्या लवकर पोचायची अट असते, आणि पोचल्याची नोटीस दिल्यावरच माल चढवण्या-उतरवण्याच्या ठरलेल्या मुदतीचं घड्याळ सुरू होतं; ती मुदत संपली की चार्टररला, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याला, डेमरेज (उशिराची भरपाई) द्यावं लागतं. म्हणून धक्का रिकामा नाही हे माहीत असूनही जहाज पळवायचं आणि बंदराबाहेर नांगर टाकून बसायचं. तिथेही जनरेटर रात्रंदिवस सुरूच. त्यात कोमट पाण्यात उभ्या जहाजाच्या बुडाला आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग कवचाचे किडे धरतात. पुढच्या प्रवासाला तोच वेग गाठायला तेल जास्त. हे बघून खरंच जीव तुटतो.

धक्का मोकळा होईल त्या वेळेलाच पोचायचं आणि वाचलेलं तेल मालक-चार्टररने वाटून घ्यायचं, अशी कलमं तयार आहेत. ती सक्तीची व्हायला हवीत. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली, ती जगभर एकाच दिवशी लागू झाली म्हणूनच पाळली गेली. मालकांच्या मर्जीवर सोडली असती तर महाग तेल कुणी घेतलं असतं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग परदेशी पाठवणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांना एवढं सांगा: ऑर्डर घेतानाच डिलिव्हरीच्या तारखेत आठवडाभर सैल ठेवा, आणि फॉरवर्डरकडे (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटकडे) सावकाश जाणारी सर्व्हिस मागा.