'खोटं' न म्हणता खोटं कसं दाखवायचं

मराठवाड्यातून पहिल्यांदाच विधानसभेत आलात. जायकवाडीच्या पाण्यावर, पीकविम्यावर पोटतिडकीने बोला. आपल्याकडचा रोखठोकपणा सोडू नका, फक्त एकेरीवर येऊ नका. मंत्र्यांकडे बोट करून 'तुम्ही खोटं बोलता' म्हटलंत, की तो शब्द कामकाजातून काढला जातो आणि गोंधळात तुमचा आकडाही बुडतो. त्याऐवजी 'अध्यक्ष महोदय, ही माहिती वस्तुस्थितीला धरून नाही' म्हणा अन् लगेच तालुक्याचा आकडा वाचा. तो नोंदीत राहतो.

अध्यक्ष उभे राहिले की वाक्य अर्धं सोडून बसा. हरकतीचा मुद्दा नियम मोडला असेल तरच घ्या, नियम क्रमांकासह. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यातील वर्तनावर चर्चेला राज्यघटनेच्या कलम २११ ची मनाई आहे.