जुनं खुरपं, जुनी कात्री: टाकू नका

गंज बघून घाबरू नका. आधी तारेच्या ब्रशने खरवडून बघा. खाली पातं जाड आणि सलग असेल तर अवजार वाचतं. खोल खड्डे पडले असतील किंवा तडा गेला असेल तर मात्र सोडून द्या. चिवट गंजाला रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच पुसून कोरडं करून तेलाचा हात फिरवा. इथे आळस केलात तर डोळ्यांदेखत नवा तांबूस थर चढतो.

धारेला कानसच बरी. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं की त्या जागचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही. कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे आणताना उचलायची. छाटणीच्या कात्रीचं एकमेकांवरून सरकणारं पातं फक्त उताराच्या बाजूने घासा. सपाट बाजूला बोट फिरवून बघा, बारीक कंगोरा लागेल; तेवढाच धार लावायच्या दगडावर पातं सपाट धरून काढा. ती बाजू घासलीत तर पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चिरडते.

दांडा हलतोय म्हणून पाण्यात भिजवायचा सल्ला बरेच जण देतात. तो फुगून बसतो खरा, पण वाळला की पुन्हा सैल. नवी पाचर ठोका, पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल मुरवा. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.